हेल्वेचा आड

कुठेतरी मुरतंय, एवढंच आधी कळलं होतं.
काय, किती, कुठवर,
ते बघायला आम्ही व्हॅन घेऊन आलो:
गिरमिट, बर्फाची पेटी, चाळीस तपकिरी बाटल्या.

एस्टोनियातलं हे गाव. धावपट्टी अजून तशीच,
सिमेंटच्या फटींतून बर्चची रोपं कमरेएवढी.
विमानं गेली तेव्हा मी पाचवीत होते.
टाक्या मागे राहिल्या,
आणि गळती तर माझ्या जन्माच्याही आधीपासूनची.

वर वीतभर माती, खाली चुनखडक.
चुनखडकाच्या पोटात काही राहत नाही.
या भेगेतलं त्या भेगेला सांगतो,
ओढ्यापाशी पोचेतो
गावभर झालेलं असतं.

हेल्वे ताम्मिक, वय एक्याऐंशी.
तिचा आड आमच्या नकाशावर 'अकरा'.
पहिल्या दिवशी तिने झाकणाचं कुलूप काढलं
आणि चौकशी नकोच म्हणून स्वतःच सांगून टाकलं:

"एका हिवाळ्यात एंडेलने पोहरा ओढला,
नाकाशी धरला,
मग पेटती चिंधी टाकली आत.
भडकलं!
आम्ही हसलो गं. पोट धरून हसलो.
पंपावर रांगा, आणि आमच्या अंगणात फुकट.
आडात होतं म्हणून पोहऱ्यात आलं,
आम्ही काय चोर?
ट्रॅक्टर त्यावर चालला. शेजाऱ्याला दोन कॅन दिले,
त्याने डुकराचं पिल्लू दिलं.
मग दुधाला वास यायला लागला.
गाय विकली.
कुणाला, ते विचारू नकोस."

मी विचारलं नाही.
मोजपट्टी आत सोडली.
तेल लागलं की ती एकसुरी वाजते,
पाणी लागलं की तुटक तुटक.
त्या दिवशी ती एकसुरी वाजत राहिली,
बेचाळीस सेंटिमीटरभर,
आणि ओसरीवर हेल्वे
कुणाची तरी निंदा ऐकावी तशी
खाली मान घालून ऐकत होती.

मग चार वर्षं.
निळ्या ताडपत्रीखाली पंप, पिंपामागून पिंप.
टाक्यांखालची माती उकरून ढीग लावले,
त्यात सालपटं, घोड्याची लीद,
आणि उलथत राहिलो,
जे डोळ्यांना दिसत नाहीत त्यांना
श्वास मिळावा म्हणून.
ऑक्टोबरात ढिगांतून वाफ निघायची.
गावातली सगळी मांजरं तिथे झोपायला यायची.
याची नोंद अहवालात नाही.

आज पट्टी सोडली
आणि पहिल्याच स्पर्शाला
तुटक. तुटक. तुटक.

"बदलला," हेल्वे म्हणाली.
"हो."
"मग पिऊ?"
"नको. तवंग गेलाय. विरघळलेलं अजून आहे."
"किती?"
आकडा सांगितला. तिला तो पटेना.
"म्हणजे बघा, अख्ख्या तळ्यात एखादा चमचा..."
"कुठला चमचा? चहाचा की कढीचा?"
मला खरंच माहीत नव्हतं.

बाटली काठोकाठ भरली, बुडबुडा राहू दिला नाही.
चिठ्ठीवर तारीख, वेळ, अकरा.
वहीत रकाने: खोली, तापमान, रंग, वास.
वासापुढे मी लिहिलं: नाही.

हेल्वेने पोहऱ्यात उरलेलं पाणी
तळहातावर घेतलं, नाकाशी नेलं,
डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली.
"आहे," म्हणाली.

माझं यंत्र दोन लाखांचं.
तिचं नाक त्या हिवाळ्यापासूनचं.
खोडलं. लिहिलं: किंचित.

मी पेटी बंद करत होते, तेव्हा ती जवळ आली.
"तिचं नावही लिही."
"कुणाचं?"
"लिल्लिक. कपाळावर पांढरा ठिपका होता.
पलीकडच्या गावात एक बाई होती, तीन मुलांची.
तिला दिली.
स्वस्तात दिली," असं म्हणून ती थांबली,
जणू त्यातच तिचा गुन्हा होता,
किंवा त्यातच माफी.

वहीत त्याला रकाना नव्हता.
समासात लिहिलं, पेन्सिलने,
आणि नकाशा पुन्हा उलगडला.
पलीकडच्या गावात आम्ही अजून
एकही भोक पाडलेलं नाही.